वाचकांचे प्रश्न : विजयदुर्ग, त्याची खाडी आणि तळणीवरून गेलेली सावली

धामणगाव रेल्वे तालुक्यातील एका शाळेची सहल दिवाळीच्या सुट्टीनंतर विजयदुर्गला जाऊन आली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कपाशीवरील बोंडअळी आणि संत्र्याची फळगळ हे नेहमीचे विषय थोडे मागे पडले आहेत. ज्यांनी समुद्र प्रथमच पाहिला त्यांचे, ज्यांच्या मुलांनी पाहिला त्यांचे आणि केवळ ऐकूनच ज्यांना शंका आल्या त्यांचेही प्रश्न आले. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीने सहलीहून येताना भोके पडलेला एक तांबडा दगड आणला. ती सांगते की तिकडे शेत दिसतच नाही, सगळा उघडा दगड आहे आणि त्या दगडातच आंब्याची झाडे उभी आहेत. आपल्याकडे एवढी कसदार काळी माती असून हापूस होत नाही, मग त्या दगडात कसा होतो? आणि हे गाव नेमके आहे कुठे? (एक शेतकरी, आर्वी तालुका)

विजयदुर्ग हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील गाव असून वाघोटन नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण बाजूला ते वसलेले आहे. आपल्या नद्यांची सवय असलेल्या माणसाला तिकडची नदी समजायला थोडा वेळ लागतो. आपली वर्धा मुलताईजवळ उगम पावून शेकडो किलोमीटर वाहते, वैनगंगेला मिळते, पुढे प्राणहिता म्हणून गोदावरीत जाते आणि अखेर बंगालच्या उपसागराला भेटते. वाघोटनेला एवढी सवडच नाही. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यात तेथे सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरचेच अंतर असल्यामुळे नदी डोंगरावरून घाईने खाली येते आणि सखल भागात पोहोचताच समुद्राचे पाणी तिच्या पात्रात शिरते. जेथवर हे खारे पाणी शिरते, तेथवरच्या भागाला खाडी म्हणतात. विजयदुर्गची खाडी लांब आहे, मुखाशी खोल आहे, आणि किल्ल्याचे भूशिर पुढे आल्यामुळे आत शिरलेल्या जहाजाला आडोसा मिळतो. या गावाचा जवळजवळ सगळा इतिहास या तीन गोष्टींतून निघाला आहे.

आपल्या मुलीने आणलेला दगड म्हणजे जांभा. आपल्याला नवल वाटेल, पण जांभा आणि आपली काळी माती यांचे मूळ पुष्कळ अंशी एकच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा बेसाल्ट तयार झाला, त्याच्यावर वर्धा-अमरावतीकडे बेताचा, सुमारे हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस पडत आला आणि त्यानंतर कोरडे महिने येत राहिले. त्यामुळे दगड झिजूनही त्यातील चुना आणि इतर क्षार जागेवरच राहिले, फुगणारी चिकण तयार झाली आणि तीच आज उन्हाळ्यात भेगाळणारी आपली रेगुर जमीन आहे. कोकणात याच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो. त्या पावसाने सिलिका, चुना, मॅग्नेशियम असे सगळे धुऊन नेले, मागे लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरली, आणि उन्हा-वाऱ्यात ती घट्ट होऊन त्यांचा सच्छिद्र तांबडा दगड झाला. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की त्याचे चिरे हत्याराने कापता येतात. उघड्यावर राहिला की तो कडक होतो, आणि म्हणूनच कोकणातील घरे, गडगे, विहिरी आणि देवळे त्याचीच बांधलेली आढळतात.

या जांभ्याच्या सपाट, उघड्या माळाला सडा म्हणतात. आंब्याचे बागायतदार सड्यावर सुरुंग लावून खड्डे करतात, त्यांत बाहेरून आणलेली माती व खत भरतात आणि कलम लावतात. आंब्याच्या मुळांना पाणी साचलेले सोसत नाही, आणि जांभ्यात पाणी साचतच नाही. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळाभर पाणी धरून राहते, ते कपाशीला उपयोगी आणि हापूसला घातक. त्यातच समुद्राकाठची दमट हवा आणि फारशी थंडी नसणारा हिवाळा हेही हापूसला मानवते. तेव्हा आपली जमीन हलकी किंवा कमी दर्जाची आहे असे कृपया समजू नये. त्या सड्यावर कपाशी लावून पाहिली, तर तिकडचा बागायतदारही आपल्यासारखेच पत्र लिहील.

प्रश्न : विजयदुर्ग हा किल्ला कधीच कोणाला जिंकता आला नाही, असे आम्हांला तेथे सांगण्यात आले. माझ्या आठवणीप्रमाणे इंग्रजांनी तो १७५६ मध्ये घेतला होता. खरे काय समजावे? (सहलीसोबत गेलेले एक शिक्षक)

आपली आठवण बरोबर आहे. तथापि सांगणाऱ्याचे म्हणणेही सर्वस्वी निराधार नाही, कारण १७५६ पूर्वीच्या चाळीस वर्षांपुरते ते खरे आहे.

किल्ल्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. पुढे तो आदिलशाहीकडे गेला. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत आणि युरोपीय कागदपत्रांत हेच नाव दीर्घकाळ टिकून राहिले. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन विजयदुर्ग असे नाव दिले आणि आज दिसणाऱ्या तिहेरी तटबंदीचे श्रेयही परंपरेने त्यांनाच दिले जाते. मात्र या किल्ल्याचा खरा भरभराटीचा काळ सुरू झाला तो कान्होजी आंग्रे यांच्या हाती आल्यावर. इंग्रजांनी १७१७ मध्ये चढाई केली, ती फसली. १७२० मध्ये तोफांचा तरता मोर्चा घेऊन ते पुन्हा आले, तेही फसले. १७२४ मध्ये डच आपली लढाऊ जहाजे घेऊन आले आणि हात हलवीत परतले.

हे कसे घडले याचे उत्तर तटाच्या जाडीइतकेच जहाजांच्या बांधणीत आहे. आंग्र्यांच्या आरमारात मुख्यतः गुराबा आणि गलबते असत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढच्या निमुळत्या भागावर तोफा असलेली. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. दोन्हींचे तळ उथळ असल्यामुळे वारा पडला किंवा शत्रू अंगावर आला की ती सरळ खाडीत शिरत, आणि खोल बुडणाऱ्या युरोपीय जहाजांना अनोळखी खाडीत त्यांच्यामागे जाण्याचे धाडस होत नसे. वारा पडला असता गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढून नेत. त्यामुळे समोरचे मोठे जहाज हताश उभे असताना गुराब आपल्याला सोयीच्या बाजूने येऊन तोफा डागू शकत असे. तोफांची संख्या मोजून या आरमाराचे बळ कळत नाही, असे माझे मत आहे.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांत वाटणी आणि भांडणे झाली, आणि अखेरीस विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजींचे पेशव्यांशी पटेना. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गसमोर उभे राहिले. त्याच्यासोबतच्या पायदळाचा अधिकारी होता रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज आली होती आणि तुळाजी स्वतः किल्ला नातलगाच्या हाती सोपवून बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. १२ फेब्रुवारीला इंग्रजांची जहाजे खाडीत शिरली. एकमेकांना बांधून ठेवलेल्या मराठी जहाजांपैकी एकावर तोफेचा पेटता गोळा पडला, आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि अनेक वर्षांत उभे केलेले आरमार एका दुपारी जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. दरम्यान क्लाइव्हने रात्रीच सैन्य उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये ठाण मांडले होते, म्हणजे मित्राला आत येता येऊ नये याची व्यवस्था शत्रू शरण येण्यापूर्वीच झाली होती. किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. त्याच वर्षी झालेल्या तहानुसार बाणकोट घेऊन त्यांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला. वॉटसन आणि क्लाइव्ह तेथून निघाले ते वर्ष संपण्यापूर्वी बंगालमध्ये पोहोचले होते. प्लासीची लढाई १७५७ ची आहे.

यानंतर विजयदुर्ग हे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाले आणि त्याची सुभेदारी धुळप घराण्याकडे आली. १७८३ मध्ये आनंदराव धुळप यांनी इंग्रजांचे रेंजर हे जहाज लढून पकडले, हा त्या काळातील ठळक प्रसंग होय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला. आज तो केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात नोंदवले, त्यांत त्याचा समावेश आहे.

तुळाजींविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. मला एवढेच म्हणावेसे वाटते की घरचे भांडण मिटवण्यासाठी बाहेरचे आरमार बोलावण्यात पेशव्यांचा हिशेब चुकला. जळालेली जहाजे तुळाजींची होती हे खरे, पण त्याच जहाजांचा इंग्रजांना धाक होता.

प्रश्न : किल्ल्यापासून थोड्या अंतरावर आम्हांला एक रिकामा चौकोनी खड्डा दाखवला आणि ही आंग्र्यांची गोदी असे सांगितले. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते हे आजीला सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे रोजच पूर येते का?” तिला काय सांगू? (इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी)

आजींना सांगावे की पूर वरून येतो आणि भरती खालून येते. आपल्या नदीला पूर येतो तो वरच्या भागात पडलेल्या पावसाचा, त्याला वेळापत्रक नाही. भरती येते ती चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या ओढीने. ती सुमारे सव्वासहा तास चढते, तेवढाच वेळ उतरते आणि रोज पन्नास मिनिटांच्या आसपास उशिराने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढते, ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ती ओढ एकमेकींना छेदते, पाणी कमी चढते, ती भांगाची भरती. कोकणातील कोळी ही गणिते तिथीवरूनच करतात. आजींना तिथ्या पाठ असतील, तेव्हा त्यांना हे तुझ्याआधी समजेल.

तू पाहिलेला खड्डा भरतीच्याच भरवशावर चालत असे. तो काही ठिकाणी खडकात खोदलेला आणि काही ठिकाणी बांधलेला असून त्याची लांबी सुमारे ३५५ फूट आहे. भरतीच्या वेळी जहाज आत आणायचे, मग तोंड बंद करायचे. ओहोटीला पाणी निघून गेले की जहाज कोरड्यात उभे राहते आणि सुतारांना त्याच्या तळापर्यंत पोहोचता येते. लाकडाच्या जहाजाला खाऱ्या पाण्यात किडे पोखरतात आणि तळाला शिंपल्यांचे थर चढतात. ते खरवडून काढले नाहीत तर जहाजाचा वेग मंदावतो, आणि आंग्र्यांची सगळी युद्धरीत वेगावर उभी होती. पंप नाही, यंत्र नाही, पाणी आणणे आणि बाहेर काढणे हे काम चंद्रावर सोपवलेले. किल्ल्यापेक्षा ही गोदी मला अधिक थोर वाटते. दुर्दैवाने बहुतेक सहली तेथे पाच मिनिटेच थांबतात.

प्रश्न : एवढे खोल आणि सुरक्षित बंदर असताना विजयदुर्ग मुंबईसारखे मोठे शहर का झाले नाही? (एक व्यापारी, पुलगाव)

याचे अर्धे उत्तर आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनात आहे. बंदराची भरभराट त्याच्या पाण्यावर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक त्याच्या पाठीमागच्या मुलखावर असते. जुन्या काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे, खारेपाटणसारख्या खाडीकाठच्या पेठेत येई आणि तेथून होड्यांनी विजयदुर्गला जाई. खारेपाटणला सापडलेला रट्टराज या शिलाहार राजाचा शके ९३० चा ताम्रपट प्रसिद्ध आहे, त्यावरून हा प्रदेश किती जुना वसलेला आहे याची कल्पना येईल. परंतु १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या गोदीत जाऊन पडू लागला. दक्षिणेकडचा माल १८८० च्या दशकात गोव्यातील मुरगाव बंदराच्या रेल्वेने ओढून घेतला. विजयदुर्गच्या पाठीशी मात्र सह्याद्रीची भिंत तशीच राहिली. पुढे कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तीही किनाऱ्यापासून बरीच आतून गेली. मुंबईहून येणारी आगबोट, थोडी मासेमारी, आंबा, आणि एके काळी गव्याच्या शिंगांच्या कोरीव वस्तू एवढ्यावर गाव राहिले. तालुक्याचे ठिकाणसुद्धा देवगडला आहे.

आता मुंबईसारखे न होणे ही हानीच मानावी का, हे आपण मुंबईला माल पाठवणारे व्यापारी असल्यामुळे आपल्याच विचारावर सोपवतो.

प्रश्न : किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी तेथून ग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला, असे तेथे सांगतात आणि त्या दिवशी तेथे कार्यक्रमही होतो. हे खरे असेल तर आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात विजयदुर्गचे नाव का नाही? (एक विज्ञान शिक्षिका, धामणगाव रेल्वे तालुका)

या प्रश्नावर मी सर्वांत अधिक वेळ घालवला आहे आणि त्याचे कारण शेवटी कळेल.

प्रथम तिथीकडे पाहावे. १८ ऑगस्ट म्हणजे श्रावणाचे दिवस. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर सूर्य दिसेल या आशेने समुद्र ओलांडून दुर्बिणी आणणारा खगोलशास्त्रज्ञ विरळाच. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आलेल्या मंडळींनी त्यामुळे पूर्वेकडच्या जागा निवडल्या. फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रजांचे टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला होते, तर धाकटे हर्शेल जमखिंडीला गेले आणि तेथेही ढगांनी त्यांना सतावले. नॉर्मन लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत नोकरी करीत आणि फावल्या वेळात आकाश पाहत. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहता येतो, हे त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच दाखवून दिले. तीच युक्ती जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी साधली होती आणि दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच दिवशी आली. त्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली ती सोडियमची नाही, हे ओळखून लॉकियर यांनी एका नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ मध्ये, रॅम्झी यांना, एका खनिजातून.

मग कट्टे कोठून आले? लॉकियर विजयदुर्गला आले होते, यात शंका नाही. फक्त ते १८९८ मध्ये आले. त्यापूर्वी १८७१ च्या ग्रहणासाठी ते केरळातील बेकलच्या किल्ल्यात येऊन गेले होते. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण ऐन हिवाळ्यातले होते आणि चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून देशात शिरणार होती. लॉकियर यांनी विजयदुर्गला तळ ठोकला, ब्रिटिश नौदलाच्या मेलपोमीनी या जहाजावरील खलाशांना शिकवून तयार केले आणि वर्णपट घेणे, छायाचित्रे काढणे, प्रभामंडलाची, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाची, रेखाचित्रे करणे अशी कामे त्यांच्यात वाटून दिली. यंत्रे स्थिर ठेवायची तर पक्का पाया लागतो. कट्ट्यांचे प्रयोजन या मोहिमेशी जुळते. तेव्हा हेलियमला नाव देणाऱ्या माणसाने, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी, विजयदुर्गच्या किल्ल्यातून सूर्य पाहिला, असे म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि माझ्या मते दंतकथेहून कमी रोचक नाही.

पण आपल्यासाठी खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दुपारी विजयदुर्गवरून शिरलेली सावली ईशान्येकडे निघाली. सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचे स्वतंत्र तळ होते. तेथून सावली वऱ्हाडात आली. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स हे इंग्लंडहून आलेले शास्त्रज्ञ यंत्रे लावून बसले होते. आणि आपल्याच तालुक्यातील तळणी येथे, होय, धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधील त्या लहान स्टेशनाच्या तळणीला, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. त्यांत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनीबाई ग्रिनिच वेधशाळेत गणनेचे काम करीत. लग्न झालेल्या स्त्रीला सरकारी नोकरीत ठेवत नसत म्हणून १८९५ मध्ये लग्नाबरोबर त्यांची नोकरी सुटली होती. तळणीला त्यांनी केवळ दीड इंच व्यासाच्या भिंगाचा लहान कॅमेरा वापरला आणि प्रभामंडलातून निघालेला एक लांबलचक किरण टिपला. त्याची लांबी सुमारे एक कोटी किलोमीटर भरली. तोवर एवढा लांब किरण कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

विज्ञानाच्या पुस्तकात विजयदुर्गचे नाव का नाही, असे आपण विचारता. त्यात तळणीचेही नाव नाही. विद्यार्थ्यांना कट्टे दाखवून आलात, आता एखाद्या रविवारी त्यांना तळणी स्टेशनावरही घेऊन जावे. तेथे कट्टे नाहीत, पण खर्चही पॅसेंजरच्या तिकिटापुरताच आहे.

जाता जाता, पुढल्या वर्षी सहल काढण्याचे विचारणाऱ्या दोन पत्रांना एकत्र उत्तर देतो. कणकवलीपर्यंत रेल्वे, तेथून मुंबई-गोवा महामार्गाने तळेरे आणि तळेऱ्याहून विजयदुर्ग हा सुमारे पन्नास किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता धरावा. गाडी लागणाऱ्या मुलांना पुढे बसवावे. पावसाळ्यात जाऊ नये, होड्या बंद असतात आणि तट निसरडे होतात. गिर्ये येथील रामेश्वराचे देऊळ जांभ्यात खोदलेली वाट उतरून अवश्य पाहावे. आणि गोदी पाहण्यासाठी निघण्यापूर्वी बंदरावरच्या कोणाही कोळ्याला ओहोटीची वेळ विचारावी, कारण भरतीला तेथे पाण्याखेरीज काही दिसत नाही.